आधी कार्ड, मग काम: सांगली जिल्ह्यातल्या प्रौढ दिव्यांगांसाठी योजना आणि नोकरीचा क्रमवार मार्ग

रोजगार मेळाव्याची जाहिरात बघून जतकडचे एक गृहस्थ पहाटेच्या एसटीने सांगलीला आले. बरोबर तिशीतला मुलगा, पायाने अधू, आयटीआय झालेला. मुलाला काम येत होतं आणि मुलाखत घेणाऱ्यालाही तो पसंत होता. पण दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जुनं, कागदी, यूडीआयडीवर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर, न चढवलेलं. आधारवर वडिलांचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरंच. "कागद घेऊन या, मग बघू," एवढं ऐकून बापलेक संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

माझा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग. त्याच्यासाठी घातलेल्या हेलपाट्यांतून मला हे सगळं कळत गेलं आणि आता ओळखीपाळखीच्या लोकांचे अर्जही मीच भरून देते. योजना माहीत नसतात अशी माणसं मला फार भेटत नाहीत, क्रम उलटा लावणारी मात्र रोज भेटतात. कुणी नोकरीच्या मागे आधी पळतो आणि कार्ड नंतर काढतो. कुणी निराधार अनुदानाचा अर्ज टाकतो, पण बँकेत खातं चालवायचं कुणी हे ठरवलेलंच नसतं. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. टप्पा ३ आणि टप्पा ८ सगळ्यांना लागू नाहीत, बाकीचे आहेत.

टप्पा १: सगळे कागद एका नावाचे करा

एकही अर्ज भरण्याआधी आधार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, बँक पासबुक आणि जुनं दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर ते, असे पाच कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून बघा. मराठीतलं नाव जुळलं तरी इंग्रजी स्पेलिंगमध्ये गफलत निघते आणि ऑनलाइन अर्ज त्या स्पेलिंगवरच अडतो.

लग्न झालेल्या बायकांचा घोळ सगळ्यात मोठा. शाळेत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकात दोन्हींची खिचडी. अशा वेळी आधी आधार दुरुस्त करा. बाकी सगळं आधारला जोडलेलं असल्यामुळे तिथे चूक राहिली तर ती पुढे प्रत्येक ठिकाणी उगवते.

आधारवर जन्मतारखेऐवजी नुसतं सालच छापलेलं असेल तर पूर्ण तारीख टाकून घ्या. आधारला जोडलेला मोबाईल चालू आहे ना, तेही बघा. ओटीपी त्यावर येतो. पुण्याला कामाला असलेल्या भाचीचा नंबर जोडलेला असला की सेतू केंद्रात तिला फोन लावत उभं राहावं लागतं आणि नेमकी ती तेव्हा मीटिंगमध्ये असते.

*तपासा:* पाचही कागदांवरचं नाव एकसारखं आहे? मोबाईल हातात आहे? दोन्ही उत्तरं हो असतील तरच पुढे जा.

टप्पा २: यूडीआयडी कार्ड

२०२१ च्या जूनपासून दिव्यांग प्रमाणपत्र फक्त यूडीआयडीच्या ऑनलाइन पोर्टलवरून, म्हणजे 'स्वावलंबन कार्ड'च्या संकेतस्थळावरून मिळतं. त्याआधी राज्याच्या जुन्या प्रणालीतून निघालेली किंवा हाताने लिहिलेली प्रमाणपत्रं बऱ्याच घरांत अजून लॅमिनेट करून ठेवलेली आहेत. ती फेकू नका, पण त्यांच्यावर विसंबूनही राहू नका. प्रमाणपत्र जुनं असेल तर अर्ज करताना 'प्रमाणपत्र आहे' हा पर्याय निवडून त्याची स्पष्ट प्रत जोडायची.

क्रम असा:

१. पोर्टलवर आधार क्रमांकाने नोंदणी करा. फोटो, सही किंवा अंगठा आणि पत्त्याचा पुरावा आधीच स्कॅन करून ठेवा.

२. दिव्यांगत्वाचा प्रकार काळजीपूर्वक निवडा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. 'बौद्धिक दिव्यांगता' आणि 'मानसिक आजार' हे दोन वेगळे रकाने आहेत. सेतूवाला घाईत चुकीचं बटण दाबतो आणि माणूस भलत्याच डॉक्टरपुढे जाऊन उभा राहतो. हा प्रकार मी स्वतः दोनदा निस्तरला आहे.

३. रुग्णालय निवडा. सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही नावं लोकांच्या तोंडी एकत्रच असतात, पण कुठली तपासणी कुठे आणि कुठल्या वारी होते हे निघण्याआधी विचारून घ्या. उमदीहून निघालेल्या माणसाला चुकीच्या वारी येणं म्हणजे एक मजुरी बुडवणं.

४. नोंदणी क्रमांकाची पावती छापून घ्या. मोबाईलमधल्या फोटोवर भरवसा ठेवू नका.

५. तपासणीला जाताना जुने रिपोर्ट, एक्स-रे, ऑपरेशनचे कागद, चालू असलेली औषधं, सगळं सोबत न्या. मानसिक आजार असेल तर आतापर्यंतच्या उपचारांच्या चिठ्ठ्या फार महत्त्वाच्या. डॉक्टर त्या दिवशी माणसाला दहा मिनिटं बघतात, मागची दहा वर्षं त्यांना चिठ्ठ्यांतूनच दिसणार.

आता टक्क्यांचं. ४० टक्के ही रेघ आहे. आरक्षण आणि बहुतेक योजना तिच्या पलीकडे सुरू होतात. २०२४ च्या नियमांनुसार कार्डाचा रंगही टक्क्यांवर ठरतो: ४० च्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं.

एकाच माणसाला दोन प्रकारचं दिव्यांगत्व असेल तर दोन आकड्यांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा जसाच्या तसा धरतात. लहान आकड्याला, ९० मधून मोठा आकडा वजा करून जे उरतं त्याने गुणतात आणि ९० ने भागून जे येईल ते मोठ्यात मिळवतात. ऐकू कमी येण्याचे ३० टक्के आणि हाताचे २० टक्के असतील तर एकूण ५० होत नाहीत, साधारण ४३ होतात. तरी रेघ ओलांडली! एका दोषाचे ३० आले म्हणून गप्प घरी बसलेली माणसं मला भेटली आहेत. दुसरा दोष त्यांनी तपासायला सांगितलेलाच नव्हता.

*सावधान:* टक्के मान्य नसतील तर निर्णयापासून ९० दिवसांत अपील करता येतं. ओळखीच्या एजंटाकडून 'वाढवून' घेऊ नका. लबाडीने दिव्यांगांचा लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. शिवाय प्रमाणपत्रांची फेरतपासणी आता सरकारी नोकरीत असलेल्यांचीही होते.

*तपासा:* प्रमाणपत्र कायमचं आहे की ठरावीक मुदतीचं? मुदतीचं असेल तर ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात आत्ताच लिहा.

टप्पा ३: अठरा पूर्ण झाल्यावर पालकत्व (फक्त ज्यांना लागतं त्यांच्यासाठी)

पोरगं कितीही अवलंबून असलं तरी अठराव्या वाढदिवसानंतर कायद्याच्या लेखी ते सज्ञान. आईबाप त्याच्या वतीने सही करू शकत नाहीत. हे बऱ्याच घरांना कळतं ते थेट बँकेच्या काउंटरवर.

स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता (एकाहून जास्त दिव्यांगत्व) या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते आणि कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार तिला आहे. आपल्याकडे त्यासाठी विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करायची. आईवडील दोघं हयात असतील तर अर्ज दोघांनी मिळून करावा. नसतील तर भाऊबहीण किंवा जवळचा नातेवाईक करू शकतो.

पालकत्व मिळालं की दोन कामं मागे लागतात. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा. एक साधी वही घाला, त्या व्यक्तीच्या नावाचे पैसे आले कुठून आणि गेले कुठे एवढं लिहा. शेतीत वाटणी असेल, सातबाऱ्यावर नाव असेल, तर ही वही भावकीतली भांडणंसुद्धा मिटवते.

*सावधान:* डोळ्याने, कानाने किंवा हातापायाने दिव्यांग असलेल्या सज्ञान माणसाला पालक लागत नाही. बँकेत "घरच्या कुणाला तरी घेऊन या" असं कुणी म्हणालं तर मॅनेजरकडे लेखी अर्ज द्या आणि नकारही लेखी मागा. लेखी म्हटलं की बऱ्याचदा खातं उघडून मिळतं.

मानसिक आजाराच्या बाबतीत सरसकट पालकत्व नसतं. ज्या निर्णयापुरती मदत हवी तेवढंच मर्यादित पालकत्व मिळतं आणि तो मार्ग जिल्हा न्यायालयाकडून किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडून जातो. याला बहुधा वकील लागतो.

टप्पा ४: घर चालेल एवढा आधार आधी उभा करा

काम मिळायला वेळ लागतो. तोवरचं हे बघा.

*संजय गांधी निराधार अनुदान.* आपल्याकडे सगळे याला 'निराधारचा पगार' म्हणतात. वय १८ ते ६५, राज्यात किमान १५ वर्षांचं वास्तव्य, दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २५०० रुपये झाले. अर्ज सेतूतून तहसील कार्यालयात जातो, तलाठ्याचा अहवाल होतो आणि मंजुरी समितीच्या बैठकीत होते. अर्जाची पोच घ्या, पुढच्या बैठकीची तारीख विचारून त्या पोचेच्या मागेच लिहा. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. दोन-तीन खाती असतील तर आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते आधी बघा. "पगार आलाच नाही" म्हणून आलेल्या एका आजींचे पाच महिन्यांचे पैसे त्या विसरून गेलेल्या दुसऱ्याच बँकेत जमा होत होते.

*पाच टक्के निधी.* ग्रामपंचायतीने, पंचायत समितीने, जिल्हा परिषदेने आणि सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. न मागता ते सहसा मिळत नाहीत. यूडीआयडीची प्रत जोडून ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या आणि ग्रामसभेत उभं राहून विचारा. पैसे, साहित्य, शौचालयाला पकडायचा दांडा, जे हवं ते नेमकं लिहा. 'मदत मिळावी' असा अर्ज फायलीत पडून राहतो.

*निरामय आरोग्य विमा.* टप्पा ३ मधल्या चार प्रकारांसाठी वर्षाला एक लाखापर्यंत. बाह्यरुग्ण तपासणी आणि थेरपीचा खर्चही यात बसतो. राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत अर्ज जातो. बिलं मूळ प्रतीत जपून ठेवा.

*साधनं.* केंद्राच्या ॲडिप योजनेत महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर तीनचाकी, श्रवणयंत्र, कुबड्या मोफत. शिबिरात मिळालेलं श्रवणयंत्र कपाटात ठेवून कामाच्या ठिकाणी 'ऐकू येत नाही' म्हणू नका. यंत्र कानाला जुळवून घ्यायला एकदा परत जावं लागतं आणि नेमकं तेच लोक टाळतात.

*एसटी.* ४० टक्के आणि वर असेल तर साध्या गाडीत भाड्याला ७५ टक्के सवलत. रोज इस्लामपूरहून किंवा तासगावहून कुपवाडला यायचं असेल तर नोकरी परवडते की नाही याचा निम्मा हिशेब इथेच होतो.

*थांबा आणि घरात एकदा बोला:* काम मिळालं की उत्पन्न वाढेल, वर्षाला ५० हजारांची रेघ ओलांडली की निराधारचा पगार बंद होणार. ही भीती खरी आहे आणि बरीच घरं याच कारणाने मुलाला कामाला पाठवत नाहीत. हिशेब मांडा. महिना २५०० म्हणजे वर्षाला ३० हजार. कुपवाडच्या एमआयडीसीत साध्या हेल्परचा पगारही त्याच्या कितीतरी वर जातो. कार्ड, एसटी सवलत, आरक्षण यांतलं काहीच नोकरीमुळे जात नाही. मात्र काम टिकेल याची खात्री नसेल तर आधी टप्पा ७ वाचा. आणि उत्पन्न वाढल्यावर तहसीलला न कळवता दोन्हीकडून घेऊ नका, वसुली लागते.

टप्पा ५: टक्के विसरा, कामं लिहा

'६० टक्के अस्थिव्यंग' यावरून मालकाला काहीच कळत नाही. त्याला कळायला हवं ते हे: उभं राहून किती वेळ काम होतं? किती किलो उचलता येतं? जिना चढता येतो? फोनवर बोलता येतं? वाचता येतं? एका सूचनेवर काम होतं की तीन सूचना लक्षात राहतात?

एक कागद घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात जे आज एकट्याने होतं. दुसऱ्यात जे थोड्या सोयीने होईल, म्हणजे स्टूल दिलं तर, लिहून दिलं तर, मोबाईलवर मोठी अक्षरं केली तर. तिसऱ्यात जे होणारच नाही. तिसरा रकाना प्रामाणिक ठेवा. आई लिहिते तेव्हा तो फार लांब होतो, मुलगा स्वतः लिहितो तेव्हा रिकामा राहतो. दोघांना वेगवेगळं लिहायला लावा आणि मग जुळवा.

आमच्या घरी हेच झालं. आईच्या लेखी भावाला 'काहीच जमत नाही'. मी चार दिवस नुसती बघत बसले. सकाळी अंगणातली भांडी तो आकाराप्रमाणे लावत होता, आणि एखादी वाटी ताटांत गेली की परत काढून जागेवर ठेवत होता. दहाच्या पुढे त्याला मोजता येत नाही, पण वेगळी वस्तू त्याच्या नजरेतून सुटत नाही. तोच कागद पुढे कामाला आला.

*तपासा:* पहिल्या रकान्यात किमान पाच ओळी आहेत? नसतील तर घराबाहेर बघा: शेतात, देवळात, बाजारात माणूस काय काय करतो.

टप्पा ६: नोंदणी आणि शोध

१. राज्य सरकारच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर नाव नोंदवा आणि दिव्यांग रकान्यात यूडीआयडी क्रमांक टाका. मोबाईल बदलला की इथेही बदला. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात एकदा प्रत्यक्ष जा आणि टप्पा ५ चा कागद दाखवा. मेळाव्यांचे मेसेज नोंदणीवरूनच येतात.

२. सरकारी नोकरीत आरक्षण ४ टक्के. अंध-अल्पदृष्टीसाठी १, कर्णबधिरांसाठी १, अस्थिव्यंग, सेरेब्रल पाल्सी, कुष्ठमुक्त, बुटकेपणा, ॲसिडहल्लाग्रस्त आणि स्नायूविकार मिळून १, आणि स्वमग्नता, बौद्धिक, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, बहुविकलांग मिळून १. राज्यात दिव्यांगांना वयोमर्यादा ४५. जाहिरातीत प्रत्येक पदापुढे कुठला प्रकार चालतो त्याची अक्षरं दिलेली असतात, जसं एक पाय, दोन्ही पाय, अल्पदृष्टी, कर्णबधिर. आपला प्रकार त्यात नसेल तर चारशे पानं पाठ करूनही उपयोग नाही. ही अक्षरं आधी बघा, अभ्यास मग.

परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ लागणार असेल तर ते अर्जातच नोंदवा. तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, पण परीक्षेच्या सकाळी केंद्रावर जाऊन मागितली तर कुणीही देत नाही.

३. खासगीत जाहिरातीची वाट बघू नका. मिरज आणि कुपवाडच्या एमआयडीसीतले छोटे कारखाने, तासगावचे बेदाण्याचे शीतगृहवाले, सांगली मार्केट यार्डातले हळदीचे अडते, पेट्रोल पंप, झेरॉक्सची दुकानं, हे सगळे ओळखीतूनच माणसं घेतात. गावातला कोण कुठे कामाला आहे त्याची यादी करा आणि त्याच्याकरवी सुपरवायझरला भेटा. 'माझ्या मुलाला काम द्या' असं म्हणू नका. "तुमच्याकडे पॅकिंगला कोण बसतं? हा ते करू शकतो, आठ दिवस बघा," असं म्हणा. पहिल्या वाक्यात मालकाला दया दाखवायची की नाही ते ठरवावं लागतं, दुसऱ्यात माणूस ठेवायचा की नाही ते.

मोठ्या कंपनीत समान संधी धोरण मागा. २० किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनेने दिव्यांगांसाठी कुठली पदं आणि कुठल्या सोयी आहेत ते त्यात लिहायचं असतं. बऱ्याच ठिकाणी एचआरच्या माणसाला ते शोधावं लागतं. हरकत नाही, शोधू द्या.

*सावधान:* 'दिव्यांग कोट्यातून लावून देतो' म्हणून आगाऊ पैसे मागणारा माणूस प्रत्येक तालुक्यात एक तरी असतो.

टप्पा ७: कामाचे पहिले पंधरा दिवस

इथेच सगळ्यात जास्त लोक गळतात, आणि दोष बहुधा माणसाचाही नसतो, मालकाचाही नसतो. काम तुकडे पाडून दाखवलेलं नसतं.

माझा भाऊ कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात लागला. काम एवढंच: एका पिशवीत वीस नट भरायचे. पहिल्या दिवशी एका पिशवीत सतरा, एकीत चोवीस. सुपरवायझर वैतागला, तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. मी सुताराकडून फळी आणली आणि तिला वीस खळगे पाडून घेतले. प्रत्येक खळग्यात एक नट ठेवायचा, फळी भरली की पिशवीत ओतायची. मोजणं संपलं! महिन्याभराने सुपरवायझरने तशाच आणखी दोन फळ्या बनवून घेतल्या, तिथे कामाला असलेल्या बायकांसाठी.

हे करून बघा:

१. पहिले तीन दिवस घरचं किंवा संस्थेचं कुणीतरी सोबत थांबावं. बोलायला नाही, बघायला. अडखळणं कुठे होतंय ते टिपा.

२. काम पाच-सहा पायऱ्यांत मोडा. वाचता येत असेल तर कागदावर, नसेल तर मोबाईलवर फोटो काढून छापा आणि टेबलासमोर चिकटवा.

३. दोन गोष्टी पहिल्याच दिवशी दाखवा: संडास कुठे आणि गोंधळ झाला तर कुणाला विचारायचं. एका मुलीने दुसऱ्या आठवड्यात काम सोडलं, कारण शौचालय वरच्या मजल्यावर होतं आणि जिन्याला कठडा नव्हता. दिवसभर ती पाणीच प्यायची नाही. कुणी विचारलंच नव्हतं.

४. कर्णबधिर असेल तर तोंडी सूचना व्हॉट्सॲपवर लिहून द्यायला सांगा. यंत्र बंद करायचा इशारा भोंग्याबरोबर दिव्यानेही हवा. ही सोय नाही, सुरक्षितता आहे.

५. सोबतीचा माणूस चौथ्या दिवसापासून हळूहळू कमी करा. आई रोज डबा घेऊन फाटकापाशी बसून राहिली तर सहकारी त्या मुलाशी बोलतच नाहीत.

पगाराचं ठरवून घ्या. 'दिव्यांग आहे म्हणून निम्म्यात' हे मान्य करू नका. हजेरीकार्ड, पगारपावती, पीएफ क्रमांक मागा. ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची, पगारमर्यादा इतरांना २१ हजार असली तरी दिव्यांग कामगाराला २५ हजारांपर्यंत आहे. हे कारखान्याच्या अकाउंटंटलाही बऱ्याचदा माहीत नसतं. व्यवसायकर कापला जात असेल, वर्षाला २५०० रुपयांपर्यंत, तर प्रमाणपत्र देऊन तो थांबवा. ४० टक्के आणि वर असलेल्यांना राज्यात त्याची माफी आहे.

*तपासा:* पंधराव्या दिवशी सुपरवायझरला एकच प्रश्न विचारा: "कुठल्या एका गोष्टीत अजून अडतंय?" 'कसं चाललंय' विचारलं तर 'बरं चाललंय' एवढंच ऐकायला मिळतं आणि महिन्याने काढून टाकतात.

टप्पा ८: स्वतःचा धंदा करायचा असेल तर

नोकरी मिळत नाही म्हणून धंदा, हे चुकीचं कारण. धंद्यात ओळख असेल तरच या वाटेला जा. राज्याचं दिव्यांग वित्त व विकास महामंडळ कर्ज देतं. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात दिव्यांगांनी प्रकल्पाच्या फक्त ५ टक्के रक्कम स्वतःची घालायची असते. अनुदान ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५ टक्के. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात. मात्र हे अनुदान हातात रोख येत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, आणि कर्जाचा हप्ता दरम्यान चालूच असतो. अनुदान आलं की गाडी घेऊ, असं ठरवणारे इथेच फसतात.

अर्ज करण्याआधी सहा महिने छोट्या प्रमाणात करून बघा आणि विक्रीची वही ठेवा. बँक मॅनेजरला प्रकल्प अहवालापेक्षा ती मळलेली वही जास्त पटते.

अडलं तर

आधी त्याच कार्यालयात लेखी, पोच घेऊन. मग जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे दिव्यांगांचं काम बघणाऱ्यांना. तरी हलत नसेल तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. तक्रारीच्या चौकशीत त्यांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तक्रारीत राग लिहू नका, तारखा लिहा. कुठल्या दिवशी गेलात, कुणाकडे, काय उत्तर मिळालं, पोच क्रमांक काय. अशी एका पानाची तक्रार पाच पानांच्या कैफियतीपेक्षा लवकर हलते.

घरातल्या कॅलेंडरात लिहून ठेवायच्या तारखा

निराधारचा लाभ असेल तर दरवर्षी हयातीचा दाखला, तहसीलने सांगितलेल्या मुदतीत. उत्पन्नाचा दाखला कधी संपतो ती तारीख. मुदतीचं दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर संपण्याच्या तीन महिने आधीची तारीख, कारण पुन्हा तपासणीचा नंबर लागायला वेळ जातो. निरामयचं नूतनीकरण. पालकत्व असेल तर जूनअखेरीस हिशेब. आणि आधारचा मोबाईल बदलला असेल त्या दिवशी, त्याच आठवड्यात, टप्पा १ परत एकदा.